मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढलं?

पत्र: मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी ते पाचवी माझ्याकडे आहे, एकाच खोलीत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे आणि मोठ्या गुरुजींनी 'पाण्याचे दहा सोपे प्रयोग बसवा, केंद्रप्रमुख येणार आहेत' असं सांगितलंय. प्रयोगशाळा नाही. पाणी टँकरचं, तेही दिवसाआड. तालीम म्हणून ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती आणि वर उपडा ग्लास हा प्रयोग केला. मेणबत्ती विझली, पाणी आत चढलं. 'ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली,' असं मी सांगितलं. तर चौथीतला एक मुलगा म्हणाला, 'बाई, ऑक्सिजन तर मेणबत्ती जळत असताना संपत होता ना? मग पाणी तेव्हा का नाही चढलं? विझल्यावर का चढलं?' मला उत्तर सुचलं नाही. त्याला काय सांगू? आणि एवढ्याशा पाण्यात दहा प्रयोग कसे बसवू? – एक शिक्षिका, मराठवाडा

ताई,

दहा प्रयोगांचं नंतर बघू. आधी त्या मुलाचं.

त्याचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. गाईडात, यूट्यूबवर, विज्ञान प्रदर्शनातल्या थर्माकोलच्या तक्त्यांवर जे कारण वर्षानुवर्षं छापलं जातंय, ते या प्रयोगाला लागू पडत नाही. ऑक्सिजन संपून पाणी चढत असतं, तर ज्योत लहान होत जाईल तसतसं पाणी हळूहळू वर सरकलं असतं. तसं होत नाही. ज्योत जळतेय तोवर पाणी जवळजवळ जागेवरच असतं, आणि ती विझल्यावर भर्रकन चढतं. पोरानं नेमकं तेच पाहिलं. मोठी माणसं पाहत नाहीत, कारण त्यांना उत्तर आधीच पाठ असतं.

आता खरं काय होतं ते सांगते. पेटत्या मेणबत्तीवर तुम्ही ग्लास आणता तेव्हा ग्लासातली हवा तापते, फुगते आणि तिच्यातली काही बाहेर पडते. ग्लास टेकताक्षणी कडेला वाकून पाहिलंत तर पाण्यातून चार-दोन बुडबुडे निघताना दिसतात. बहुतेक वेळा कुणी तिकडे बघतच नाही, सगळ्यांचे डोळे ज्योतीवर. मग ज्योत विझते. आतली हवा भराभर गार होते, आकसते. ज्वलनात तयार झालेली वाफही काचेवर थिजून पाणी होते, ग्लास आतून धुरकट दिसतो तो त्यामुळे. आतला दाब कमी झाला की बाहेरची हवा ताटलीतल्या पाण्याला दाबून आत ढकलते. म्हणजे पाणी आत 'ओढलं' जात नाही, बाहेरून 'ढकललं' जातं.

मग ऑक्सिजनचं काय? तो वापरला जातो, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, जागा काही अगदी रिकामी होत नाही. शिवाय मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवत नाही. ठरावीक प्रमाणाखाली तो गेला की तिला जळता येत नाही आणि ती विझते, आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच. आता हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, आणि पाणीही कधीकधी ग्लासाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास चढतं. हा योगायोग इतका सोयीचा आहे की 'बघा, एक पंचमांश!' म्हणून तो पुरावा ठरून बसला.

हे सगळं त्या मुलाला सांगू नका. त्याला करून पाहू द्या. पुन्हा तोच ग्लास आणि तितकंच पाणी घ्या, पण या वेळी वाढदिवसाच्या बारक्या मेणबत्त्या आधी एक, मग दोन, मग तीन लावा. मेणाचे दोन थेंब टाकून त्या ताटलीत चिकटवा. पाण्यात शाईचा थेंब टाका, म्हणजे मागच्या रांगेतल्यांनाही दिसेल. ग्लासाच्या कडेखाली दोन नाणी सरकवा, म्हणजे पाण्याला आत यायला फट राहील. ग्लास दर वेळी सारख्याच वेगानं खाली आणा. ज्योतीवर जास्त वेळ धरून ठेवलात तर हवा जास्त तापते आणि हिशेब बिघडतो. प्रत्येक वेळी पाणी कुठवर आलं ते स्केचपेनानं ग्लासावर खूण करून ठेवा.

करण्याआधी मुलांना विचारा: ग्लास एकच आहे, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. मग तीन मेणबत्त्यांनी पाणी जास्त चढायला हवं का? ऑक्सिजनचं कारण खरं असेल तर तिन्ही खुणा एकाच उंचीवर यायला हव्यात. तशा त्या येत नाहीत, मेणबत्त्या वाढतील तसं पाणी वर जातं, कारण उष्णता वाढते. इथे मुलं तुमच्या आधी बोलतील, बोलू द्या.

आणि शेवटचा घाव घालायचा असेल तर मेणबत्तीच काढून टाका. निमुळत्या गळ्याची काचेची सरबताची बाटली घ्या. तिच्यात गरम पाणी भरा. हाताला चटका बसेल इतकं, पण उकळतं नको, काच तडकते. मिनिटभरानं ते ओतून टाका आणि बाटली लगेच शाईच्या पाण्याच्या वाडग्यात उपडी धरा. पाणी बाटलीच्या गळ्यातून वर चढत जातं. ज्योत नाही, काही जळलं नाही, ऑक्सिजनला कुणी हात लावलेला नाही. मुलांसमोर हे ठेवा आणि गप्प बसा.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला वर्गासमोर सांगा की तुझ्या प्रश्नामुळे आपण कारण तपासलं आणि ते पुरेसं नाही असं दिसलं. तुमचा मान कमी होईल ही भीती मनात असेल तर काढून टाका, चौथीच्या मुलांना असल्या गोष्टींत बाईंचा उलट अभिमान वाटतो. परीक्षेचा प्रश्न उरतो. तर गोंधळ असा आहे की या एका प्रयोगात दोन वेगळे प्रश्न आहेत. 'मेणबत्ती का विझली?' याचं उत्तर ऑक्सिजन पुरेना म्हणून, ते बरोबरच आहे, पेपरात लिहायलाही हरकत नाही. 'पाणी का चढलं?' हा दुसरा प्रश्न. पुस्तकवाल्यांनी पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं, एवढंच.

आता दहाचं. दहा प्रयोग बसवू नका. मोठ्या गुरुजींना माझं नाव सांगा हवं तर. दहा प्रयोग म्हणजे दहा टेबलं, दहा पाठ केलेली भाषणं, 'नमस्कार, माझ्या प्रयोगाचे नाव…' आणि साहेब पुढे सरकले की संपलं. मूल त्यात हात बुडवतच नाही. तुमच्याकडे मेणबत्तीचा एक झाला. आणखी दोन-तीन पुरेत, पण प्रत्येकात मुलांनी आधी अंदाज सांगायचा, तो फळ्यावर लिहायचा, मग करायचं. हा क्रम मोडू नका. आधी करून मग 'का झालं सांगा' विचारलं की मुलं बाईंच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर शोधतात.

सगळ्यात स्वस्त प्रयोग रुपयाच्या नाण्याचा. नाणं पाटीवर ठेवायचं आणि त्यावर औषधाच्या ड्रॉपरनं पाण्याचे थेंब सोडायचे. किती मावतील? फळ्यावर आकडे लिहून घ्या. पाच, सात, फार तर दहा. मग मोजायला लावा, तिसरीवाल्यांनी मोठ्यानं मोजायचं. दहा होतात, पंधरा होतात, पाणी सांडत नाही. नाणं आणि थेंब केवढा यावर आहे, पण वीसच्या पुढे गेलेलं पुष्कळदा दिसतं. या वेळी मुलांना गुडघ्यावर बसवून डोळे नाण्याच्या पातळीला आणायला सांगा. वरून बघणाऱ्याला नुसतं ओलं नाणं दिसतं. बाजूनं पाहिलं तर पाण्याचा फुगवटा दिसतो, नाण्याच्या काठाच्या बाहेर किंचित झुकलेला, आणि पुढचा थेंब पडला की तो सबंध फुगवटा थरथरतो पण फुटत नाही. मुलं श्वास रोखतात, कारण नुसत्या फुंकरीनंही तो जाईल असं वाटतं. मग एका थेंबाला काठावर एका जागी पाणी निसटतं आणि सगळं एकदम ओघळतं.

त्यानंतर नाणं पुसून, त्यावर साबणाचं बोट फिरवून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच खाली येतो. पृष्ठताण हा शब्द पाचवीला सांगा, तिसरीला नको. त्यांना एवढं पुरे की पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात आणि साबण ती ओढ ढिली करतो.

इथे एक अडचण येईल, आत्ताच सांगून ठेवते. पोषण आहाराच्या ताटल्या वापरणार असाल तर त्या आधी भरपूर खळबळून घ्या. खिचडीच्या तेलाचा तवंग किंवा भांड्याच्या पावडरीचा अंश राहिला असेल तर पाणी फुगतच नाही, पाण्यावर अलगद आडवी ठेवून तरंगवायची सुई लगेच बुडते आणि 'बाई, होत नाही' सुरू होतं. दोष मुलांचा नसतो, ताटलीचा असतो.

मात्र हीच अडचण धरून एका बाईनं विज्ञानात नाव कमावलं आहे, आणि विज्ञान दिनाला मुलींना सांगण्याजोगी ती गोष्ट आहे. ॲग्नेस पॉकेल्स, जर्मनीतल्या ब्राऊनश्वाइगची. तिथल्या विद्यापीठांत त्या काळी मुलींना प्रवेश नव्हता. घरी आजारी आईवडील, त्यांचं करायचं, स्वयंपाक, भांडी. भांड्यांच्या पाण्यावर तेलाचा, साबणाचा अंश पसरला की पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो हे तिच्या लक्षात आलं. तिनं पत्र्याचं एक पसरट भांडं घेतलं, त्यावर आडवी पट्टी टाकली, ती सरकवून पृष्ठभाग लहानमोठा करायचा आणि ताण मोजायचा, असं वर्षानुवर्षं केलं. १८९१ साली तिनं हे सगळं इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्रानं कळवलं. पत्र जर्मनमध्ये होतं, रॅलेच्या बायकोनं भाषांतर करून दिलं, आणि रॅलेनं ते 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवून छापून आणलं. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युरनं याच धर्तीचं भांडं सुधारून वापरलं. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्राबद्दल त्याला १९३२चं नोबेल मिळालं. पॉकेल्सबाईंना नोबेल नाही मिळालं. हेही मुलींना सांगा.

दुसरा प्रयोग बाटलीच्या तीन भोकांचा. तो तुमच्या गुरुजींच्या यादीत नक्की असणार, आणि मेणबत्तीसारखाच तोही चित्रांनी बिघडवलेला आहे. उभ्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली एकेक भोक. चित्रात वरची धार जवळ पडते, मधली त्याहून लांब आणि खालची सगळ्यात लांब. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो हे त्यातून शिकवायचं. दाब वाढतो हे खरंच आहे. पण बाटली जमिनीवर ठेवून करून पाहा, धारा चित्राप्रमाणे पडत नाहीत.

समजा पाण्याची उंची २४ सेंटिमीटर आहे आणि भोकं तळापासून ६, १२ आणि १८ सेंटिमीटरवर आहेत. गणितानं सगळ्यात लांब पडते ती मधली धार. वरची आणि खालची दोन्ही एकाच जागी पडतात. खालची धार सगळ्यात जोरात निघते, पण तिला पुढे जायला वेळच मिळत नाही, जमीन लगेच येते. वरची धार मंद निघते, पण तिला पडायला उंची जास्त, म्हणून ती हवेत जास्त वेळ राहते. आता तीच बाटली स्टुलावर ठेवा, स्टूल पाण्याच्या उंचीपेक्षा उंच हवं, आणि धारा स्टुलाच्या कडेवरून थेट जमिनीवर पडू द्या. मग चित्रातल्यासारखं दिसतं: खालची सगळ्यात लांब. पाचवीच्या मुलांना सूत्र नको. जमिनीवर आणि स्टुलावर असं दोन्ही करा, धारा पडतात तिथे खडूनं खुणा करा आणि चित्राशी ताडून पाहायला सांगा. पुस्तकातलं चित्र कुठे बरोबर आणि कुठे चूक हे शोधायला मुलांना फार आवडतं. त्या चौथीतल्या मुलाला तर हा प्रयोग देऊनच टाका.

भोकं तुम्ही घरून पाडून न्या, गरम सुईनं, तिन्ही सारखी. वर चिकटपट्टी लावा आणि ती एकदम ओढा. धारा वाहत असताना वरून पाणी ओतत राहा, नाहीतर उंची कमी होत जाते. खाली घमेलं ठेवलंत तर तेच पाणी परत परत फिरतं. आणि एक गंमत: दोन भोकं बंद ठेवून एकच उघडं ठेवा आणि बाटलीचं झाकण घट्ट लावा. धार थांबते. झाकण सैल केलं की पुन्हा सुरू. मात्र तिन्ही उघडी ठेवून झाकण लावलंत तर वरच्या भोकातून हवा आत शिरते आणि खालून पाणी येतच राहतं, म्हणून एकच उघडं ठेवायचं.

साध्या पाण्यात बुडणारं आणि मिठाच्या पाण्यात तरंगणारं अंडं किंवा बटाटा वगैरे सगळ्यांना माहीत आहे. करायचं तर लहान भांड्यात करा, बटाट्याची फोडच घ्या, आणि मीठ घालत राहा. दोन चमच्यांनी काही होत नाही, तिथेच लोक सोडून देतात.

तुमच्या गावासाठी मी त्याऐवजी तुरटीचा घेईन. सकाळी शाळा भरताना दोन सारख्या बाटल्यांत गढूळ पाणी भरा, हवं तर अंगणातली माती कालवून. एकीत तुरटी चार-पाच वेळा फिरवून काढा, दुसरी तशीच ठेवा. दोन्ही खिडकीत ठेवून द्या आणि तासातासाला मुलांकडून चित्र काढून घ्या. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर सारत असतात, म्हणून ते खाली बसत नाहीत. तुरटीमुळे ते एकत्र येतात, गुठळ्या होतात, जड होऊन तळाशी जातात. यात बाईंना काही 'करून दाखवायचं' नसतं, ही याची खरी खुबी. फक्त एक गोष्ट ठामपणे सांगा: नितळ दिसतं म्हणून ते पिण्यालायक झालं असं नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पाणी उकळायलाच हवं. टँकरचं पाणी पिणाऱ्या मुलांना हे घरी जाऊन सांगण्यासारखं आहे.

भाषणाची चिंता करू नका. २८ फेब्रुवारी हा सी. व्ही. रामन यांच्या 'रामन परिणामा'चा शोध लागल्याचा दिवस, साल १९२८. पदार्थातून विखुरताना प्रकाशाचा थोडा भाग रंग बदलतो, तो हा परिणाम. पण मुलांना रामन परिणाम काय सांगणार? त्याऐवजी त्याआधीची गोष्ट सांगा. १९२१ साली रामन बोटीनं इंग्लंडहून परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा मानलं जाई, आणि सांगणारा कोण, तर वर आलेले तेच लॉर्ड रॅले. रामन यांच्याकडे एक लहानसा निकोल प्रिझम होता. त्यातून पाहिलं की पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश गाळून टाकता येतो. त्यांनी बोटीवरून तसं पाहिलं. प्रतिबिंब गेलं, निळा रंग गेला नाही. तिथून सुरू झालेलं काम त्यांना सात वर्षांनी २८ फेब्रुवारीपर्यंत घेऊन आलं. पाच मिनिटांत सांगून होते.

केंद्रप्रमुख आले की त्यांना खुर्ची देऊन बसवू नका. हातात ड्रॉपर द्या आणि तिसरीतल्या एखाद्या मुलीला विचारायला लावा, 'साहेब, नाण्यावर किती थेंब मावतील?' त्यांचा अंदाजही फळ्यावर नावासकट लिहा. बहुतेक चुकेल आणि मुलं टाळ्या पिटतील, साहेबही हसतील. आणखी साहित्य हवं असेल तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायच्या खेळण्यांची मराठी पुस्तकं फुकट मिळतात, मोबाइलवर उतरवून घ्या.

राहिलं पाणी. सगळ्याला मिळून एक बादली पुरते, पण क्रम पाळा. आधी स्वच्छ पाण्याचे प्रयोग: नाणं, सुई, तीन भोकांची बाटली. तेच पाणी मग मेणबत्तीला, शाई घालून. साबण सगळ्यात शेवटी, कारण एकदा साबणाचं बोट बादलीत गेलं की त्या पाण्यात नाण्याचा आणि सुईचा प्रयोग पुन्हा होत नाही. ज्याच्या हाताला साबण लागलाय त्याला बादलीपासून लांब ठेवा, त्यासाठी एक मॉनिटर नेमला तरी चालेल. मेणबत्ती पेटवणं आणि ग्लास ठेवणं मात्र तुमच्याकडेच, मुलींच्या वेण्या आणि ओढण्या मागे बांधलेल्या हव्यात. साबणाच्या उरलेल्या पाण्यानं वर्गाची फरशी पुसून घ्या. तुरटीच्या बाटलीचा तळाचा गाळ अंगणात टाका. मिठाचं पाणी तेवढं परसबागेत ओतू नका, रोपं जळतात.